गड्ड्याला घर भरलेलं असताना आजारी आई-वडिलांना कसं भेटावं

सोलापूरच्या माणसाला दिवाळीची रजा मिळाली नाही तरी एक वेळ चालतं, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, मिळालीच पाहिजे. संक्रांतीला पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे सगळे येऊन थडकतात. अशा घरात मागच्या खोलीत आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले असले की ‘हसतमुखानं जा, सकारात्मक बोला’ हा सल्ला कवडीच्या कामाचा नाही. आप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून आमचा प्रत्येक गड्डा त्यांच्या पलंगाभोवतीच होतो. मी मुंबईहून येणारा मुलगा, सगळं निभावते ती इथली वहिनी. हे लिहितोय ते माझ्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांसाठी.

१. गाडी. मुंबईहून येणार असाल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी उतराल. वंदे भारत आणि पुण्याची हुतात्मा रात्री पोचवतात आणि तोवर आजारी माणूस ‘आला का, आला का’ करत जागा राहतो. रात्रीच्याच गाडीनं येणार असाल तर ‘उद्या सकाळी येतोय’ असंच सांगून ठेवा.

२. फोन. निघण्याआधी फोन भावाला नको, वहिनीला करा. औषधं ती देते.

३. खाऊ. काय चालतं ते विचारल्याशिवाय काही आणू नका. शहाळं सगळ्यांना चालतं हा गैरसमज तर डोक्यातून काढूनच टाका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंडं निकामी झालेल्याला ते जिवावर बेतू शकतं. डायलिसिसवाल्याला पाणीसुद्धा मोजून द्यायचं असतं, शेंगाचटणीतलं मीठ तर लांबच. अर्धांगवायूच्या पेशंटला गिळायला त्रास असेल तर तिळगुळाची वडी, कडक भाकरीचा तुकडा, काहीही हौसेनं तोंडात घालू नका. घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी जे चालेल म्हटलंय तेवढंच, ताठ बसवून, छोट्या घासांनी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. सर्दी-खोकला झालेल्या पोरांना खोलीत सोडू नका. केमो चालू असेल तर उंबऱ्याच्या आतही नाही.

४. खोली. खरी कसोटी इथं लागते, आणि हे जमायला मला फार वेळ लागला. आल्याआल्या मामा, आत्या, चुलते, त्यांची पोरं सगळे पलंगाभोवती उभे राहतात. एक जण टीव्ही लावतो. दुसरा विचारतो, ‘आप्पा, मी कोण सांगा बरं?’ तिसरा पायथ्याशी उभा राहून भावाला म्हणतो, ‘मागच्या वेळेपेक्षा खराबच झालेत की.’ हे सगळं आप्पांच्या देखत. त्यांना ऐकू येतं, समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ‘मी कोण’ची परीक्षा सुरू झाली की त्यांचा चांगला हात, म्हणजे डावा, चादरीची कड मुठीत धरतो आणि सोडत नाही. बोटं पांढरी पडतात. तोंडावर मात्र हसू असतं, कारण समोर पाहुणा आहे.

नातेवाइकांना समजावून सांगण्यात शक्ती घालवू नका. ‘त्यांना त्रास होतो’ म्हटलं की ‘आम्ही काय परके आहोत का’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि पुढची दोन वर्षं ऐकून घ्यावं लागतं. समजावण्यापेक्षा खोलीची मांडणी बदला. खोलीत एकच खुर्ची ठेवा, बाकीच्या सकाळीच बाहेर काढा. उभा माणूस आपोआप निघतो. चहा बाहेरच्या खोलीतच द्या. आत कप गेला की पाहुणा अर्धा तास हलत नाही. टीव्हीचा रिमोट खिशात ठेवा. डॉक्टरांकडून ‘एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं’ असं खरोखर सांगून घ्या, जमल्यास चिठ्ठीवर. डॉक्टरांच्या नावावर स्वतः थाप मारू नका, कारण त्यांच्याच ओळखीचा एखादा काका हमखास निघतो. आणि दाराशी तुम्ही उभे राहा. वहिनीला उभं करू नका. तिनं थांबवलं तर ती वाईट ठरते, मुलानं थांबवलं तर ‘बापाची काळजी आहे’ होतं. अन्याय आहे, पण आपल्याकडे असंच चालतं, तर त्याचा उपयोग करून घ्या.

खर्च, ऑपरेशन, जमिनीचा सात-बारा, ‘पुण्याला न्यायचं का’ हे विषय त्या खोलीत एका शब्दानंही निघता कामा नयेत. झोपलेत असं वाटत असलं तरी नाही. निर्णय आजारी माणसाबद्दल असेल आणि त्याला समजत असेल, तर त्याला आधी विचारा, मग गच्चीवर जाऊन चर्चा करा.

५. तुमची वेळ. भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा असतो, घर ओस पडतं. तेव्हा मागे थांबा. ‘एवढ्या लांबून येऊन अक्षतांना नाही आला’ म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू देत. भरल्या घरात निवांत भेटायला याहून चांगली वेळ मिळत नाही. खुर्ची त्यांना मान न वळवता दिसेल अशी घ्या. प्रश्न एका वेळी एकच आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा: ‘चहा हवा का?’, ‘उशी उंच करू?’ मग थांबा. उत्तराला वेळ लागला तरी मधे शब्द पुरवू नका. बोलायला काही नसेल तर नखं कापा, पायाला तेल लावा. ‘लवकर बरे व्हाल’ म्हणायची गरज नाही, त्यांना त्यांचं शरीर तुमच्यापेक्षा जास्त कळतं. गड्ड्यावर यंदा पाळणे कुठले आलेत, मिरवणुकीतले उंच नंदीध्वज धरायला गल्लीतलं कोण कोण गेलं, हे सांगा. आप्पांना यातच सगळ्यात जास्त रस असतो.

६. रस्ता. यात्रेच्या दिवसांत मिरवणुकीच्या मार्गावरची वाहतूक वळवतात. अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुठून काढायची हे आदल्या दिवशीच ठरवा. शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी खिडक्या लावून घ्या.

७. निघताना. ते जागे असताना, समोर बसून निरोप घ्या, आणि पुढं कधी येणार ते पक्कं असेल तरच सांगा. औषधाच्या डब्याची मांडणी बदलू नका, मुंबईच्या डॉक्टरांची महती सांगू नका. त्यापेक्षा पंधरा दिवस रात्रपाळीला मावशी किंवा ब्रदर ठेवायचे पैसे देऊन जा, म्हणजे वहिनीला सलग झोप मिळेल. तिला विचारलंत तर ‘नको भाऊजी, होतंय की’ म्हणेल, म्हणून विचारू नका, माणूस ठरवूनच टाका. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उधारी किती आहे ते स्टेशनला जाताना बघा आणि चुकती करा, तेही ती आपण होऊन सांगत नाही.