आधी घार पक्की करा : उडणारे शिकारी पक्षी कसे ओळखावेत

उंचावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी नवख्याला ओळखू येत नाही, कारण आपण आधी रंग शोधतो. मागे लख्ख आकाश असलं की रंग दिसतच नाही, दिसते ती काळी आकृती. म्हणून सुरुवात आकारापासून आणि उडण्याच्या ढबीपासून करावी. त्यासाठी उत्तम शिक्षक म्हणजे घार.

पहिले काही आठवडे फक्त घार. मासळी बाजार, कचरा डेपो, तलावाचा काठ, कुठेही ती भेटेल. तिच्या शेपटीला खाच असते हे पुस्तकात वाचायला मिळतं, पण वळताना तिने शेपटी पसरली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. पिसं झडली असतील तरी तेच. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे शेपटीची हालचाल. उडताना घार ती होडीच्या सुकाणूसारखी सतत डावी-उजवीकडे कलती करत असते. पंख मधून किंचित वाकलेले आणि टोकाआधी फिकट डाग, हेही बघून ठेवा. ब्राह्मणी घारीचं पिल्लू तपकिरी असल्याने फसवतं, मात्र त्याची शेपटी गोल असते.

मग वेगळं काय, ते विचारा. घारीहून पंख टोकदार आहेत का? मग ससाण्यांचं कुळ. पंख आखूड-गोल, शेपटी लांब आणि चार-पाच वेळा पंख मारून तरंगणं, हा शिक्रा. हिवाळ्यात माळरानावर गवताला लागून, पंख वर उचलून सावकाश जाणारा भोवत्या. पांढुरका आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो.

हवेत एकाच जागी पंख मारत थांबणारे पक्षी तर ओळखायला फार सोपे. राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग असलेली लहानशी कापशी घार. विटकरी पाठीची, लांब शेपटीची खरुची. आणि या दोघींच्या कितीतरी पट मोठा, पोटाकडून फिकट पक्षी असा थांबलेला दिसला, तर तो बहुधा सापमार गरुड. एवढा मोठा गरुड हवेत स्थिर राहतो, ते दृश्य डोळे भरून बघावं.

सह्याद्रीत तुरेवाला सर्पगरुड बऱ्याचदा आधी ऐकू येतो. लांब, चढ्या शिट्ट्या कानावर आल्या की मान वर करा. पंखांच्या मागच्या कडेने गेलेला रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीतला पांढरा पट्टा उन्हात खालूनही स्पष्ट दिसतात.

मधुबाज मात्र रंगावरून ओळखायला जाऊच नका. एक गडद तपकिरी, दुसरा जवळजवळ पांढरा, तिसरा पट्ट्यापट्ट्यांचा, इतकी विविधता त्यात असते. लहान डोकं आणि पुढे काढलेली लांबट मान बघा.

वेळ साधा. सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते आणि मोठे पक्षी तिच्यावर स्वार होतात. सुरुवातीला ते खालीच असतात, तेव्हाच नीट दिसतात. दुपारपर्यंत ठिपके होतात. सूर्य पाठीशी ठेवा. दुर्बीण ८x४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची, पुरते. जास्त मोठं दाखवणारी हातात हलते आणि उडता पक्षी सापडत नाही.

आकाराचा अंदाज एकट्या पक्ष्यावरून बांधू नका. कावळे मागे लागले की थांबून बघा, मोजपट्टी आपोआप मिळते.

आधी लिहा, मग पुस्तक उघडा. पंखांचं टोक, शेपटीची लांबी, तरंगताना पंख सपाट होते की वर उचललेले, जागा, वेळ, आणि सोबत दोन रेघांचं चित्र. पुस्तक आधी उघडलं की छापलेल्या खुणा पक्ष्यावर दिसल्याचा भास होऊ लागतो.