‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कसे वाचावे आणि कसे पाहावे

जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ख्याती ऐकून कादंबरी हाती घेणारे आणि पाचव्या-सहाव्या प्रकरणापाशी ती मिटून ठेवणारे वाचक पुष्कळ आहेत. प्रेमकथा म्हणून घेतलेल्या या पुस्तकाच्या सुरुवातीला नाचाचे समारंभ, शेजाऱ्यांच्या भेटीगाठी आणि कोणाचे उत्पन्न किती याचीच चर्चा भेटते, आणि नायक तर नायिकेविषयी अपमानकारक शेरा मारून मोकळा होतो. अशा वेळी पुस्तक जुने झाले असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु माझ्या मते अडचण बहुधा वाचण्याच्या क्रमात असते. ही कादंबरी दोनदा वाचावी, आणि तिच्यावरील मालिका व चित्रपट त्या दोन वाचनांच्या मध्ये पाहावेत.

पहिले वाचन संपेपर्यंत पडद्यावरचे काहीही न पाहण्याचे पथ्य कसोशीने पाळावे. मी स्वतः ते पाळले नव्हते; आधी चित्रपट पाहिला आणि मग पुस्तक वाचले, त्यामुळे विकम या देखण्या, गोड बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडून फसण्याची संधी मी कायमची गमावली. हे नुकसान लहान नाही. पंधराव्या प्रकरणात विकमची आणि नायिका एलिझाबेथची रस्त्यात ओळख होते आणि सोळाव्या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, तो तिला नायक डार्सीने आपल्यावर केलेल्या अन्यायाची सविस्तर हकिकत ऐकवतो. डार्सीच्या वडिलांची आठवण आहे तोवर त्यांच्या मुलाची बदनामी आपल्या तोंडून होणार नाही, असे तो म्हणतो, आणि हे म्हणतो ती बदनामी करता करताच. डार्सीला टाळण्याचे आपल्याला कारण नाही, असेही तो सांगतो आणि अठराव्या प्रकरणातील नाचाला मात्र गैरहजर राहतो. हे सारे पानावर उघड लिहिलेले आहे. तरीही एलिझाबेथसारखी हुशार मुलगी त्यावर विश्वास ठेवते आणि तिच्याबरोबर आपणही ठेवतो, कारण डार्सीविषयीचे आपले मत तिसऱ्या प्रकरणातच ठरून गेलेले असते. कादंबरीचा पहिला खर्डा ऑस्टिन यांनी 1796-97 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना लिहिला, तेव्हा त्याचे नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे प्रथमदर्शनी झालेली मते, असे होते. एका प्रकाशकाने तो न वाचताच नाकारला आणि पुस्तक निघाले ते 1813 मध्ये, नव्या नावाने. ते जुने नाव मनात धरून वाचले, तर पहिल्या वाचनात आपले काय होणार आहे हे आधीच कळते, आणि तरीही ते घडतेच.

सुरुवातीच्या प्रकरणांत कंटाळा येऊ नये यासाठी एक उपाय सांगतो. उत्पन्नाचे आकडे वगळून पुढे जाण्याऐवजी ते एका कागदावर लिहून ठेवावेत. डार्सीचे वर्षाचे उत्पन्न 10,000 पौंड आहे, त्याचा मित्र बिंगलीचे चार-पाच हजार, आणि एलिझाबेथच्या वडिलांचे 2,000. परंतु वडिलांची मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जाणार असल्यामुळे पाच मुलींपैकी एकीलाही त्यातील जमीन मिळणार नाही. एलिझाबेथच्या वाट्याला पुढे काय येईल हे त्या मालमत्तेचा वारस असलेला नातेवाईक कॉलिन्स तिला लग्नाची मागणी घालतानाच ऐकवतो: चार टक्के व्याजाने गुंतवलेले 1,000 पौंड, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला 40 पौंड. एवढा हिशेब केला की मुलींच्या लग्नांसाठी आईने चालवलेली धडपड केवळ विनोदी वाटेनाशी होते, तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट ल्युकस नंतर कॉलिन्सला होकार का देते हे समजते, आणि आपल्या वाट्यापेक्षा अडीचशे पट उत्पन्न असलेल्या माणसाला एलिझाबेथ नकार देते तेव्हा तिने काय पणाला लावले होते याचा अंदाज येतो.

तो नकार चौतिसाव्या प्रकरणात येतो. येथून छत्तिसाव्या प्रकरणाच्या अखेरीपर्यंत वाचनाचा वेग मुद्दाम कमी करावा आणि शक्य असल्यास ही तीन प्रकरणे एका बैठकीत, मोठ्याने वाचावीत. डोके दुखत असल्यामुळे एलिझाबेथ शार्लटच्या घरी एकटीच आहे. डार्सी येतो, काही क्षण बसतो, उठून खोलीत फेऱ्या मारतो आणि आपले प्रेम चार लहान वाक्यांत सांगून टाकतो. ही चार वाक्ये लेखिका त्याच्या तोंडी देते. त्यानंतर तिच्या घराण्याच्या कमीपणाविषयी तो जे पुष्कळ बोलतो, ते मात्र शब्दशः न देता ती आपल्या निवेदनात सांगते. अपमानाचे नेमके शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, फक्त एलिझाबेथच्या चेहऱ्यावर चढत जाणारा राग जाणवतो. दुसऱ्या दिवशी मिळालेले डार्सीचे पत्र ती आधी रागाने, घाईघाईने वाचते आणि मग पुन्हा उघडून एकेक वाक्य तोलत वाचते. आपणही ते तसेच दोनदा वाचावे. ‘या क्षणापर्यंत मी स्वतःलाच ओळखत नव्हते’ हे तिचे उद्गार दुसऱ्या वाचनानंतरचे आहेत, आणि आपणही विकमवर विश्वास ठेवला असेल तर ते आपल्यालाही लागू पडतात.

पुस्तक संपल्यावर आठवडाभर थांबून 1995 ची बीबीसीची सहा भागांची मालिका पाहावी, आणि ती एका दिवसात न उरकता रोज एक भाग या गतीने पाहावी. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी कादंबरीतील संवाद बऱ्याच अंशी जपले आहेत. जेनिफर एली यांची एलिझाबेथ डोळ्यांनी हसते आणि कॉलिन फर्थ यांचा डार्सी मान ताठ ठेवून न बोलता पुष्कळ सांगतो. लग्नाच्या मागणीच्या प्रसंगी पटकथेला पुस्तकाने झाकलेले शब्द डार्सीच्या तोंडी द्यावेच लागतात, आणि ते ऐकताना निवेदनात सांगणे व समोर बोलून दाखवणे यांतील फरक कानांना स्पष्ट कळतो. डार्सी तळ्यात उडी घेतो आणि ओल्या सदऱ्याने एलिझाबेथच्या समोर येतो, हे गाजलेले दृश्य कादंबरीत नाही. तेथे डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्याच्या हिरवळीवर दोघांची अवचित गाठ पडते, दोघेही लाजेने लाल होतात आणि कोणाला धड बोलता येत नाही. मला पुस्तकातला तो अवघडलेपणा अधिक प्रिय आहे, तरी मालिकेने तो दृश्यात आणण्यासाठी काय शोधले हे समजून पाहिले की दोन्हींविषयी आदर वाटतो.

2005 चा जो राइट दिग्दर्शित चित्रपट यानंतर काही दिवसांनी पाहावा. सुमारे साडेपाच तासांची मालिका पाहून लगेच दोन तासांचा चित्रपट लावला, तर गाळलेल्या गोष्टी मोजण्यातच तो संपतो. यात घर माणसांनी आणि पसाऱ्याने भरलेले आहे, अंगणात प्राणी आहेत, आणि पहिली मागणी बंद खोलीतून उचलून भर पावसात, एका दगडी मंदिरवजा वास्तूच्या आडोशाला आणली आहे. पुस्तकात एलिझाबेथ पेम्बर्लीच्या दालनात डार्सीच्या तसबिरीसमोर थांबते; येथे ती संगमरवरी पुतळ्यांमधून फिरत त्याच्या अर्धपुतळ्यापाशी येते. या चित्रपटातील एक क्षण मात्र पुन्हा मागे नेऊन पाहण्यासारखा आहे. एलिझाबेथला गाडीत चढण्यासाठी डार्सी हात देतो, पाठ फिरवून चालू लागतो, आणि त्याच्या हाताची बोटे ताणून पसरतात. पुस्तकात असे वाक्य नाही. तरीही सहाव्या प्रकरणापासून लेखिका आपल्याला जे सांगत असते, की हा माणूस स्वतःच्या मनाविरुद्ध ओढला जात आहे, ते या एका सेकंदात येते.

1940 चा हॉलिवूडचा चित्रपट ज्यांना गोडी लागली आहे त्यांनी कुतूहलापोटी पाहावा. त्यातील पोशाख कादंबरीच्या काळानंतरचे आहेत आणि शेवटाकडे डार्सीची मावशी लेडी कॅथरिन हिचा स्वभावच बदललेला आहे. गुरिंदर चढ्ढा यांनी 2004 मध्ये ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ या चित्रपटात हीच कथा अमृतसरच्या बक्षी कुटुंबात नेली. मुलींच्या लग्नांची काळजी वाहणारी आई तेथे इतकी सहज रुळते की तिच्यासाठी तरी तो चित्रपट पाहावा.

एवढे पाहून झाले की कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून उघडावी. आता विकमचे प्रत्येक वाक्य वेगळे ऐकू येते आणि डार्सीच्या तुटक बोलण्यामागे काय होते ते दिसू लागते. अठ्ठावन्नाव्या प्रकरणाशी पोहोचल्यावर, म्हणजे डार्सी दुसऱ्यांदा विचारतो तेथे, पडद्यावरील दोन्ही प्रसंग आठवून मग वाचावे. मालिकेत दोघे रस्त्याने चालत संयमाने बोलतात, चित्रपटात पहाटेच्या धुक्यातून तो गवत तुडवत तिच्याकडे येतो. पुस्तकात तो एवढेच म्हणतो की तुमच्या भावना एप्रिलमध्ये होत्या त्याच असतील तर लगेच सांगा, आणि एलिझाबेथचे उत्तर लेखिका तिच्या शब्दांत देतच नाही; तिच्या भावना पार बदलल्या आहेत असे तिने अडखळत सांगितले, इतकेच निवेदनातून कळते. त्यावर डार्सीचा चेहरा आनंदाने कसा उजळला हे तिला दिसले असते, परंतु त्या क्षणी वर पाहण्याचे धैर्य तिला होत नाही. कॅमेऱ्याला तो चेहरा दाखवावाच लागतो. पानावरची एलिझाबेथ मान खाली घालून, न पाहता, त्याचे बोलणे ऐकत राहते.