फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाकडे त्याच्या बाजूने कसे पाहावे

जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहताना बहुतेक जण घाबरण्याच्या तयारीनेच बसतात आणि त्यामुळे त्यातील सर्वांत करुण जागा त्यांच्या नजरेतून निसटतात. सुमारे सत्तर मिनिटांचा हा चित्रपट दोनदा पाहावा: एकदा कथेसाठी, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून, केवळ राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफ यांच्या हातांवर लक्ष ठेवून. राक्षसाच्या तोंडी येथे एकही शब्द नसल्यामुळे त्याचे सारे म्हणणे हातांत आणि डोळ्यांत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नव्हे, तर मृतदेहांच्या अवयवांतून त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे, त्याच्या निर्मात्याचे नाव आहे. त्याने घडवलेल्या जिवाला नावच नाही, आणि आरंभीच्या श्रेयनामावलीत तर नटाच्या नावाच्या जागीही प्रश्नचिन्ह आहे. आपण अशा निर्मितीला सहज ‘भस्मासुर’ म्हणतो, पण ती तुलना मला अन्यायाची वाटते. भस्मासुराने वर मागून घेतला होता. याने काहीच मागितले नव्हते, जन्मसुद्धा नाही.

राक्षसासाठी मेंदू आणायला गेलेला फ्रँकेन्स्टाइनचा मदतनीस फ्रिट्झ चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. राक्षस दुष्ट का, याचे उत्तर चित्रपट असे आधीच देऊन ठेवतो. हे उत्तर काही काळ बाजूला ठेवावे आणि तो स्वतःहून काय करतो तेवढेच पाहावे.

त्यासाठी छताच्या खिडकीचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. अंधारात ठेवलेल्या त्या जिवावर वरची झडप उघडताच प्रकाश पडतो. तो मान वर करतो, हळूहळू उठतो आणि तान्हे मूल दिव्याकडे झेपावते तसे दोन्ही हात वर नेतो. झडप बंद होते, तेव्हा तेच हात निर्मात्यापुढे पसरतात. एवढ्यात फ्रिट्झ पेटती मशाल घेऊन येतो, राक्षस भीतीने बिथरतो, आणि त्या भीतीलाच हल्ला समजून त्याला साखळदंडांनी जखडले जाते. पुढे फ्रिट्झचा जीव जातो, तो त्याने चाबकाने आणि मशालीने केलेल्या छळानंतर, हा क्रम विसरू नये.

तळ्याकाठचा प्रसंग मात्र अखंड असलेल्या प्रतीतच पाहावा. लहानगी मारिया त्याला न घाबरता फुले देते; तो फूल हुंगतो, हसतो, आणि दोघे पाण्यावर फुले तरंगवतात. फुले संपल्यावर तो आपल्या रिकाम्या हातांकडे पाहतो आणि तीही फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने तिला पाण्यात टाकतो. ती बुडाल्यावरची त्याची सैरभैर धावपळ पाहिल्याखेरीज त्याच्या मनात काय होते ते कळत नाही. अनेक वर्षे वितरित होत राहिलेल्या प्रतींत नेमका हाच भाग कापलेला होता. तो तिच्याकडे हात नेतो तेथेच दृश्य तुटे आणि प्रेक्षक कितीतरी भयंकर कल्पना करून घेत.

त्यानंतर १९३५चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा याच कथेचा पुढचा चित्रपट घ्यावा. रानातल्या झोपडीत व्हायोलिन वाजवणारा आंधळा वृद्ध त्याला भाकरी देतो, बोलायला शिकवतो, मित्र म्हणतो. चेहरा न दिसणाऱ्या या एकाच माणसाच्या घरात राक्षस सुखाने राहतो. वाट चुकलेले दोन शिकारी येतात आणि ते घरही जळते.

शेवटी मनोऱ्यात, त्याच्यासाठी घडवलेली वधूच त्याला पाहून किंचाळते. मनोरा उद्ध्वस्त करणारा खटका ओढण्याआधी तो कोणाला जाऊ देतो, तिकडे लक्ष द्यावे: आपल्या निर्मात्याला आणि त्याच्या पत्नीला तो जगण्यासाठी बाहेर पाठवतो. मग त्याच्या गालावर एक अश्रू दिसतो. तो क्षणभरच टिकतो, म्हणून तेथे चित्र थांबवून पाहावे.