क्रायफ पाहायचा असेल तर आधी चेंडूवरची नजर काढा

"मामा, तुमचा तो क्रायफ दाखवा ना," असं भाचा म्हणाला तेव्हा मला कोण आनंद झाला. मी लगेच डच फुटबॉलपटू योहान क्रायफच्या गोलांची सहा मिनिटांची फीत लावून दिली. फीत संपली. भाचा म्हणाला, "चांगला होता की." त्या 'की'नं माझा जीव गेला. पण दोष माझाच. आयुष्यभर भूमिती शिकवली, आणि ऐन वेळी सिद्धता गाळून नुसतं उत्तर फळ्यावर लिहून मोकळा झालो.

मग आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून बसलो. दोन महिने लागले. क्रायफला मीसुद्धा प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नाही. माझी सगळी ओळख चित्रफितींवरची. ज्यांची गत माझ्यासारखी किंवा भाच्यासारखी आहे, त्यांच्यासाठी त्या दोन महिन्यांत हाती लागलेली रीत सांगतो.

गोलांच्या फिती आधी बंद करा. नेदरलँड्सकडून त्यानं ४८ सामन्यांत ३३ गोल केले, आकडा झकास आहे, पण गोल म्हणजे त्याच्या खेळाचा शेवटचा क्षण. त्याआधीचा अर्धा मिनिट कापला की क्रायफच कापला जातो. तेव्हा पूर्ण सामने शोधा. शोधताना आडनावाचं स्पेलिंग दोन्ही तऱ्हेनं टाकून पाहा: डच लोक 'आय-जे' लिहितात, बाहेरचे 'वाय'. सामना सापडला की आवाज बंद करा. समालोचक चेंडू कोणाकडे आहे ते सांगत राहतो आणि आपली नजर निमूटपणे तिकडे जाते. आपल्याला हवा आहे तो चेंडू नसलेला माणूस. हाताशी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा, ती कशाला ते पुढे येईल.

जुन्या सामन्यांत दोन गोष्टी नवख्याला खटकतात, त्या आधीच सांगून टाकतो. सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षक सरळ हातात उचलतो. १९९२ पर्यंत ते नियमात बसायचं, त्यामुळे चुकलं म्हणून ओरडू नका. दुसरं, १९७४च्या डच संघाचे क्रमांक. ते आडनावांच्या अकारविल्हे वाटले होते, म्हणून गोलरक्षक याँगब्लूटच्या पाठीवर ८ आहे. अपवाद एकट्या क्रायफचा. त्याला १४च हवा होता आणि तो मिळाला. त्याच्या शर्टाच्या बाहीवरही नीट बघा: बाकीच्यांच्या बाहीवर आदिदासच्या तीन पट्ट्या, त्याच्या बाहीवर दोनच, कारण त्याचा स्वतःचा करार पूमाशी होता. भाच्याला क्रायफ आवडायला लागला तो या पट्टीपासून. खेळ नंतर.

पहिलं मिनिट, पाच वेळा

७ जुलै १९७४, म्युनिक, विश्वचषकाची अंतिम लढत, समोर पश्चिम जर्मनी. पहिल्या बैठकीला फक्त सुरुवातीची दोन मिनिटं बघायची.

पहिल्यांदा नुसतंच बघा. डच संघ चेंडू मध्यावर टाकतो आणि आपापसांत फिरवत राहतो. काही घडत नाहीसं वाटतं. मग क्रायफ धावत सुटतो, पेनल्टी क्षेत्रात उली हेनेस त्याला पाडतो, पंच जॅक टेलर पेनल्टी देतात, नेस्केन्स गोल करतो. जर्मनांपैकी चेंडूला पहिला हात लागतो तो गोलरक्षक मायरचा, तोही जाळ्यातून चेंडू काढताना.

आता दुसऱ्यांदा लावा आणि फक्त १४ क्रमांक पकडून ठेवा. हा आघाडीचा खेळाडू. पण धाव सुरू होते त्या क्षणी तो आहे कुठे? मैदानाच्या मधल्या वर्तुळात, गोलरक्षक सोडला तर सगळ्या डच खेळाडूंच्या मागे. इथे फीत थांबवा आणि कागदावर दहा टिंबं काढा. टिंबं काढल्याशिवाय हे पटत नाही, हा माझा अनुभव. आघाडीवीर मागे आला म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्यापुढे पेच: त्याच्यामागे जावं तर स्वतःची जागा उघडी पडते, न जावं तर तो मोकळा सुटतो. तिसऱ्यांदा त्या पहारेकऱ्याला, बर्टी फोग्ट्सला बघा. चौथ्यांदा बाकीच्या डच खेळाडूंना. पाचव्यांदा भाच्याला म्हटलं, "आता तुला हवं ते बघ." तो म्हणाला, "तो हात कशाला दाखवतोय सारखा?"

तोच तर प्रश्न! क्रायफचा हात बघा. पळता पळता तो बोटानं दाखवत असतो, तू तिकडे जा, तू कडेला राहा, तू आत ये. संघाचा नकाशा त्याच्या डोक्यात असायचा आणि बोटातून बाहेर यायचा. रिनुस मिशेल्स या प्रशिक्षकानं ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबमध्ये बसवलेल्या या पद्धतीला 'टोटल फुटबॉल' म्हणतात. कोणीही जागा सोडली की दुसऱ्यानं ती भरायची, बचावपटूनं गोल करायला जावं आणि आघाडीवीरानं मागे थांबावं. ऐकायला सोपं आहे. दहा टिंबं प्रत्येक पाच सेकंदांनी काढून बघा, मग कळेल.

ती अंतिम लढत नेदरलँड्सनं १-२ अशी गमावली. ब्राइटनरनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतराआधी म्युलरनं दुसरा गोल घातला. फोग्ट्स सावलीसारखा चिकटून राहिला; मध्यंतराला बाहेर पडताना क्रायफ पंचांशी हुज्जत घालून पिवळं कार्डही घेऊन आला. हा भाग गाळू नका. बोट दाखवणारा माणूस तोंड बंद ठेवणारा नसतो. आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात, १९६६ साली चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. तशी शिक्षा झालेला तो पहिला डच आंतरराष्ट्रीय खेळाडू.

ती गिरकी

दुसऱ्या बैठकीला त्याच विश्वचषकातला १९ जूनचा डॉर्टमुंडचा सामना, स्वीडनविरुद्ध. निकाल ०-०, म्हणजे गोलांच्या फितीत याला जागाच नसती. पूर्वार्धात, साधारण अर्ध्यावर, क्रायफ डाव्या बाजूला चेंडू घेतो. पाठीशी यान ओल्सन चिकटलेला. क्रायफ उजवा पाय उचलतो, चेंडू आत मैदानाच्या मध्याकडे मारणार असा अख्ख्या अंगानं आव आणतो. ओल्सन तिकडे झुकतो. मग तोच उजवा पाय चेंडूवरून पलीकडे जातो आणि आतल्या बाजूनं चेंडूला स्वतःच्याच डाव्या पायामागून उलटा ओढतो. ओल्सन एका दिशेला, क्रायफ दुसऱ्या.

स्वतः करून पाहायची असेल (मी केली, अंगणात, गुडघ्याला पट्टा बांधून) तर लक्षात ठेवा, गिरकी पायात नाही, खांद्यात आहे. मुलं पाय बरोबर हलवतात आणि खांदे सरळ ठेवतात, मग कोणीच फसत नाही. मारण्याचा आव खरा वाटला पाहिजे. हात वर जायला हवा, नजर लांबच्या सहकाऱ्याकडे जायला हवी. टेकलेला पाय चेंडूच्या किंचित पुढे ठेवा, नाहीतर ओढलेला चेंडू त्याच पायावर आपटतो. आणि ओढून झाल्यावरची पहिली दोन पावलं झपाट्यानं, कारण फसलेला माणूस सेकंदाभरात सावध होतो.

आयुष्य कुठून वाचायला घ्यायचं

जन्मापासून सुरू करून मृत्यूपर्यंत जायचं, ही रीत मला कंटाळवाणी वाटते. क्रायफच्या बाबतीत तीन गाठी सोडवल्या की बाकीचा दोरा आपोआप सुटतो.

पहिली गाठ १९५९. ॲमस्टरडॅमच्या बेटोनडोर्प वस्तीत, आयाक्सच्या जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला मुलगा. वडील भाजी-फळांचं दुकान चालवायचे. योहान १२ वर्षांचा असताना ते हृदयविकारानं गेले. आई पुढे क्लबमध्येच साफसफाईचं काम करू लागली, आणि तिनं नंतर ज्याच्याशी लग्न केलं तो तिथलाच मैदानाची निगा राखणारा माणूस. म्हणजे ज्या क्लबचा तो तारा झाला, त्या क्लबची फरशी त्याच्या आईनं पुसलेली. पैशाच्या बाबतीत तो इतका काटेकोर का, बाहीवरच्या पट्टीसाठी का भांडतो, हे इथे कळतं. त्याच क्लबकडून १५ नोव्हेंबर १९६४ रोजी, १७व्या वर्षी तो पहिल्या संघात उतरला. सामना हरले, गोल त्यानं केला. पुढे १९७१, ७२, ७३ असे सलग तीन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक. ७२च्या अंतिम सामन्यात इटलीच्या इंटर मिलानविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच.

दुसरी गाठ १९७३. तीन युरोपियन कप जिंकलेल्या संघातल्या खेळाडूंनी मतदान करून कर्णधार निवडला, आणि क्रायफऐवजी पीट काइझरला मतं दिली. सतत बोटानं दाखवणाऱ्या माणसाबरोबर रोज राहणं कसं असतं, याचा तो निकाल होता. दुखावलेला क्रायफ विक्रमी रकमेला स्पेनच्या बार्सिलोना क्लबकडे गेला. तिथला एकच सामना शोधा: १७ फेब्रुवारी १९७४, रेआल माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोना ५-०. त्याच महिन्यात त्याला मुलगा झाला, नाव ठेवलं जॉर्डी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याच्या राजवटीत कातालान (बार्सिलोनाकडच्या स्थानिक भाषेतल्या) नावाची नोंद करायला अधिकारी तयार नव्हते. जन्म ॲमस्टरडॅमला झालाय, तिथे हेच नाव लिहिलंय, असं म्हणून तो अडून बसला आणि नोंद करून घेतली. बार्सिलोनाच्या लोकांना तो आपला का वाटला, याचं अर्धं उत्तर त्या पाच गोलांत आहे आणि अर्धं या नावात. त्या वर्षी क्लबनं १४ वर्षांनी लीग जिंकली.

१९७८च्या विश्वचषकाला तो का गेला नाही, यावर तीस वर्षं तर्क चालले. २००८ साली त्यानं स्वतः सांगितलं, की आधीच्या वर्षी बार्सिलोनातल्या घरात बंदूक रोखून अपहरणाचा प्रयत्न झाला होता, बायको-मुलांसमोर. अशा मनानं विश्वचषक खेळता येत नाही. आधीचे सगळे तर्क मग जुन्या लेखांत तसेच पडून राहिलेले दिसतात. जुना मजकूर वाचताना तारीख बघत चला.

तिसरी गाठ माझी सगळ्यांत लाडकी: १९८३. मधल्या काळात निवृत्ती झाली, गुंतवणुकीत पैसे बुडाले (त्यात डुकरांचा एक व्यवसाय होता), अमेरिकेत खेळून झालं, आणि ३४व्या वर्षी तो आयाक्समध्ये परतला. परतल्यावरच्या पहिल्या सामन्यातली गोलरक्षकाच्या डोक्यावरून पायानं अलगद उडवून घातलेला गोल बघाच. १९८२ची हेल्मंडविरुद्धची पेनल्टीही बघा: गोलवर मारायच्या ऐवजी चेंडू हलकेच बाजूला येस्पर ओल्सनला, त्याच्याकडून परत, आणि रिकाम्या जाळ्यात. भाचा ही फीत बघून मोठ्यानं हसला.

तर १९८३ साली क्लबनं ठरवलं, म्हातारा झाला, करार वाढवायचा नाही. क्रायफ उठला आणि थेट आयाक्सच्या कट्टर वैऱ्याकडे, रॉटरडॅमच्या फायनोर्ड क्लबकडे गेला. मोसमाच्या सुरुवातीलाच आयाक्सनं त्यांना ८-२ असं धुतलं. कोणीही म्हटलं असतं, झाली शोभा. पण मोसम संपला तेव्हा लीग फायनोर्डची, कपही फायनोर्डचा, आणि ३७ वर्षांचा क्रायफ त्यानंतर बूट उतरवून घरी. त्या मोसमातला एखादा सामना मिळाला तर नजर रूट खुलिटवर ठेवा. तेव्हा तो पोरसवदा होता आणि क्रायफचं बोट त्याच्याकडे वळलेलं दिसतं.

प्रशिक्षक म्हणून त्यानं बार्सिलोनात १९९१ ते ९४ सलग चार लीग जिंकल्या आणि २० मे १९९२ला लंडनच्या वेंब्ली मैदानावर, जादा वेळेत बचावपटू कूमनच्या फ्री किकवर, क्लबचा पहिला युरोपियन कप. हा भाग मोठा आहे, त्याला वेगळे दोन महिने लागतील. इथे शेवटची एकच छोटी फीत लावा. लहानपणापासूनचा धूम्रपानी माणूस. १९९१ला हृदयाची शस्त्रक्रिया झाली, सिगारेट सुटली आणि सामन्याच्या वेळी तोंडात लॉलीपॉप आला. त्यानंतर कातालान आरोग्य खात्यासाठी त्यानं एक जाहिरात केली. अंगात लांब कोट, आणि पायावर सिगारेटचं पाकीट. चेंडू उडवावा तसा तो ते पाकीट पायावर, मांडीवर उडवत राहतो आणि शेवटी लाथ मारून भिरकावून देतो.

आम्ही ती दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा भाच्यानंच आवाज बंद केला आणि म्हणाला, "मामा, खांदे बघा."