प्रश्नपत्रिकेतील वजाचे चिन्ह
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांसाठी गणिताची प्रश्नपत्रिका टाइप करताना वजाच्या जागी हायफन (शब्द जोडणारी आडवी रेघ, -) वापरू नये. तो आखूड दिसतोच, शिवाय ‘-७’ ओळीच्या शेवटी आल्यास चिन्ह वर राहून ७ खाली जाऊ शकतो आणि विद्यार्थी ती संख्या धन समजून उदाहरण सोडवू शकतो. युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरे-चिन्हांच्या प्रमाणित संचात) वजाचे स्वतंत्र चिन्ह (−) आहे. विंडोजवरील वर्डमध्ये २२१२ टाइप करून लगेच आल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्यास ते उमटते. मात्र त्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर हवा, कारण देवनागरी किंवा कन्नड अंकांनी हा संकेत चालत नाही. एक्सेलच्या सूत्रांत हायफनच ठेवावा. झेरॉक्सच्या दुकानात फाइल देताना पीडीएफच द्यावी, म्हणजे तिथे फॉन्ट नसला तरी चिन्हाऐवजी चौकोन छापला जाणार नाही.