रानपिंगळ्याचा आराखडा करताय? या चुका टाळा

रानपिंगळा हे लहानसं घुबड. तो 113 वर्षं कुणाला दिसला नव्हता. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खानदेशात शेवटचा नमुना गोळा केला. त्यानंतर थेट 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षीनिरीक्षकांना तो सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मधली सगळी वर्षं तो तिथेच सरडे-उंदीर पकडत होता. शोधणारेच चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेळी फिरत होते, आणि त्याचं मोठं कारण कागदावरच्या नोंदीत होतं.

आज या पक्ष्याच्या संवर्धनाचे मसुदे लिहिले जातात. काही मी वाचले आहेत, एकदोन लिहिण्यात हातही होता. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्याही आहेत.

नोंदी न तपासता नकाशा काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

रिचर्ड मायनरट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता की 1914 मध्ये त्याने गुजरातेतल्या मांडवीजवळ रानपिंगळा मारला. जगभरात या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने, त्यातला सर्वांत ताजा हा. त्यामुळे शोध घेणाऱ्यांना ही नोंद टाळता येईना. पुढे रासमुसेन यांनी नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसन यांनीच गोळा केलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर उरलेल्या खऱ्या जागांवर लक्ष गेलं आणि पक्षी सापडला.

आता आपल्याकडे चोरी करणारा कर्नल नाही, पण मोबाइल आहे. गावाच्या वेशीवरचा साधा पिंगळा दुपारी दिसला की 'रानपिंगळा, दिवसा फिरत होता' अशी नोंद अॅपवर चढते. दोनचार वर्षांत ती नकाशावर ठिपका होऊन बसते आणि त्या ठिपक्याभोवती कुणीतरी अंदाजपत्रक आखतं. साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, एवढं लक्षात असू द्या.

ओळखताना डोकं पाहा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. मग छाती: रानपिंगळ्याची सलग तपकिरी, खाली पोट पांढरंशुभ्र. शेपटीवर आणि पंखांवर ठसठशीत पांढरे पट्टे, पायाच्या बोटांपर्यंत पांढरी पिसं, आणि अंगाच्या मानाने डोकं व नख्या मोठ्या. अस्वस्थ झाला की शेपटी आडवी झटकतो. फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग नसलेल्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवा. फेकू नका, पण त्यांच्यावर पैसेही लावू नका.

'दिसला नाही' म्हणजे 'नाही' असं धरणं

बराच काळ रानपिंगळा म्हणजे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पलीकडे मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूर, असं समीकरण होतं. 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात सापडला. मुंबईकर ज्या तलावाचं पाणी पितात त्याच्या काठच्या जंगलात! तिथे पक्षी पाहणारे कमी जात नव्हते. पण तो तिथे असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं, म्हणून प्रत्येकाने पिंगळा पाहून मान वळवली असणार.

पाहणी करायची तर ऑक्टोबरनंतर, जोड्या बोलायला लागल्यावर, सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत करा. पावसाळ्यात हिरव्या गच्च सागात जाऊन 'आढळला नाही' असा शेरा मारण्यात काही अर्थ नाही. एका जागी एकच फेरी मारून तिला कोरी ठरवू नका. तीन-चार फेऱ्या, त्याही वेगवेगळ्या माणसांच्या, झाल्याशिवाय रिकामा रकाना भरू नये.

आणि स्पीकर. रेकॉर्ड केलेला आवाज लावला की नर धावून येतो, म्हणून पाहणीत तो थोडा वेळ वापरतात. पण तोच आवाज फोटोसाठी पुन्हा पुन्हा वाजवला तर नर घरट्याकडचं काम सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो. आराखड्यात याचा नियम लिहा: किती वेळ, कितीदा, कुणी. घरट्याचं नेमकं ठिकाण वार्षिक अहवालात छापणं हा तर निव्वळ बावळटपणा. घुबडांचं मांस, अंडी, नखं जादूटोण्यासाठी विकत घेणारे लोक आजही आहेत.

इथेच आणखी एक घोळ. 2018 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने रानपिंगळ्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून 'संकटग्रस्त' यादीत ठेवलं. लगेच मसुद्यांत वाक्य आलं, 'संवर्धनामुळे संख्या वाढली.' वाढल्या त्या जागा, आपल्याला माहीत झालेल्या. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही 250 ते 999 च्या दरम्यानच धरला जातो.

झाडं लावणं

आराखडा म्हटलं की वृक्षारोपण आलंच. रानपिंगळ्याला दाट, काळोखं जंगल नको असतं. त्याला साग, सालई, ऐन, मोई यांचं विरळ, पानगळी रान लागतं. मधूनमधून गवत, कुठेकुठे मोकळी जागा, म्हणजे फांदीवरून खालचा सरडा दिसतो आणि झेप घेता येते. आपण मात्र त्या मोकळ्या जागेला 'पडीक' म्हणतो, खड्डे खणतो, सागाची किंवा आणखी कशाची रोपं ओळीने लावतो आणि पक्ष्याचं ताट झाकून टाकतो.

त्याहून वाईट म्हणजे वाळलेली झाडं काढणं. एकदा एका कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, फिरताना तोडीच्या खुणेचा रंगाचा पट्टा मारलेली जुनी मोई पाहिली. खोडात दीड पुरुष उंचीवर ढोली, ढोलीच्या खालच्या कडेला पांढऱ्या विष्ठेचे वाळलेले ओघळ, बुंध्याशी उंदराच्या केसांची आणि हाडांची ओकलेली गोळी. आत कोण राहत होतं ते त्या दिवशी समजलं नाही, पण कुणीतरी राहत होतं. बरोबरचा माणूस सहज म्हणाला, ''पोकळ आहे साहेब, कामाचं नाही.'' त्याच्या लेखी ते बरोबरच होतं. त्याच्या हातातल्या कागदावर पोकळ झाडाला वेगळा रकानाच नव्हता.

रानपिंगळा ढोली स्वतः कोरत नाही. सुतार, तांबट यांनी कोरलेली किंवा फांदी मोडून कुजलेली ढोली तो वापरतो. तशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. म्हणून ढोलीची झाडं मोजा, त्यांना क्रमांक द्या, आणि मुख्य म्हणजे ही यादी वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे तोड कुठे-कधी हे ठरवणाऱ्या त्यांच्या आराखड्यात, जाईल हे पाहा. पक्ष्याचा आराखडा एका कपाटात आणि तोडीचं वेळापत्रक दुसऱ्या कपाटात, अशी स्थिती असेल तर कूपावरच्या माणसापर्यंत तुमचं एक अक्षरही पोचणार नाही. ते रंगीत मुखपृष्ठाचं पुस्तक फक्त उद्घाटनाला उपयोगी.

'मग लाकडी घरटी टांगू' असं कुणीतरी म्हणतंच. टांगा, पण प्रयोग म्हणून. जिथे ढोल्यांची झाडं तोडली जात आहेत तिथे पेट्या टांगणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं.

वणव्याचा दोष लोकांवर ढकलून मोकळं होणं

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायची असतात. झाडाखालचा पाचोळा जाळला की पिवळसर फूल काळ्या जमिनीवर लगेच दिसतं. आग पुढे सरकते, आणि त्याच दिवसांत पिल्लं ढोलीत असतात, सरडे-सापसुरळ्या पाचोळ्यात. मसुद्यात यावर एकच ओळ असते: 'स्थानिकांमध्ये जनजागृती करणे.' मेळघाटातल्या कोरकू बाईला किंवा धडगावकडच्या पावरा शेतकऱ्याला आगीबद्दल जागृत करायला आपण शहरातून जायचं, हे जरा गमतीचंच आहे. त्यांना मोह वेचण्याचा दुसरा सोपा मार्ग हवा. झाडाखाली जाळी पसरणं, पाचोळा झाडून बाजूला करणं, आणि या जास्तीच्या कष्टाची मजुरी कोण देणार हे आराखड्यात रुपयांत लिहिणं. ग्रामसभेशी बोलणी मसुदा छापण्याआधी करा. वनहक्क कायदा 2006 पासून आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या गावात तुमचा आराखडा गावाच्या जंगलाबद्दल आहे, आणि ते गावाला शेवटी कळवणं हे उर्मटपणाचं आहे.

माळढोकाचं उदाहरण जुनं, पण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं. 1979 मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात गावंच्या गावं आणि शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली तसा पक्षी लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर माळढोक मोजायला हाताची बोटं पुरत होती.

बाकी अंधश्रद्धेबद्दल इतकंच. पिंगळा नुसताच अशुभ मानला जातो असं नाही. पहाटे कंदील-डमरू घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याची भाषा समजते म्हणून भविष्य सांगायचा. घुबडाबद्दल गावात काय म्हणतात ते आधी ऐकून घ्या, पोस्टर नंतर.

मार्चअखेर

उद्दिष्टांच्या तक्त्यात 'कार्यशाळा 4, फलक 20' असं असेल तर तेवढंच पूर्ण होईल, कारण ते मोजणं सोपं. त्याऐवजी जोड्या असलेल्या जागा किती, घरटी किती, त्यांतून उडालेली पिल्लं किती, हे तीन आकडे दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने घ्या. पहिल्या वर्षीचा आकडा नसेल तर पाच वर्षांनी यश-अपयश दोन्ही सांगता येत नाही.

विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे आर्थिक वर्षाच्या बरोबर अंगावरून जाणारा. 31 मार्चला हिशेब बंद होतो, नवा निधी यायला जून-जुलै उजाडतो. घरट्यांवर नजर ठेवणारे गावातले चार तरुण एप्रिलमध्ये बिनपगारी होतात आणि बांधकामाच्या कामाला जातात. वणव्याचा महिना तोच, पिल्लं ढोलीबाहेर पडण्याचा काळही तोच, आणि बाहेर पडल्यावरही काही आठवडे ती आईबापांच्याच जिवावर असतात. एप्रिल-मेची मजुरी आदल्या हंगामातच वेगळ्या खात्यात ठेवण्याची मंजुरी मागा, लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत बाकीच्या पानांवर सही करू नका.