उन्हाळ्यात रणगाड्याचं मॉडेल रंगवताना

मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ ला टेकला की अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनच्या) तोंडाशीच वाळायला लागतो. १/३५ मापाच्या टी-५५ रणगाड्याचं माझं एक टरेट (तोफेचा फिरता बुरूज) असंच गेलं. बोट फिरवलं तर कळण्याच्या भाकरीसारखं खरखरीत! आता ऊन चढायच्या आत, पहाटेच फवारतो आणि रंगात रिटार्डरचे (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाकतो. कूलर तेवढा वेळ बंद, नाहीतर उडालेली धूळ ओल्या रंगावर बसते. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्यात धुऊन घ्याच.

ट्रॅकवर (चाकांवरच्या साखळीपट्ट्यांवर) चिखल हवा असेल तर शेतातली काळी माती वाळवून मलमलमधून चाळा, पातळ फेविकॉलमध्ये कालवून लावा. पण १९७१ च्या भारत-पाक युद्धात शकरगड भागात झालेल्या बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन रणगाडा करत असाल तर आपली काळी माती नको; तिकडची माती फिकट, गाळाची.